दारावरची मुळी

प्रसेनजीतला खुर्चीवरून उचललं तेव्हा त्याच्या गळ्यात व्याह्यांनी घातलेला हार तसाच होता, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत तो काढायचं भान कुणालाच राहिलं नाही. शेवटी स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसानेच तो काढला, समोर दिसली त्या बाईच्या, म्हणजे निशाच्या हातात दिला आणि दार लोटून घेतलं. नवरा आत गेला आणि लेकीच्या साखरपुड्याचा हार घेऊन निशा बाहेर उभी राहिली. टाकला तर व्याह्यांचा अपमान, धरून ठेवला तर लोक बघत होते. तिने तो पदराखाली घेतला.

पाचगावहून शाहूपुरीतल्या या दवाखान्यात यायला अर्धा तास लागला होता. गाडी प्रसेनजीतच्या धाकट्या भावाने, पृथ्वीराजने चालवली. मागच्या सीटवर प्रसेनजीतचं डोकं त्याच्या आईच्या, सरुबाईच्या मांडीवर होतं. म्हातारीने रस्ताभर त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

सव्वाबाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने निशाच्या लेकीपेक्षा, साक्षीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. नाडी छत्तीसवर आलीय, रक्तदाब मिळता मिळत नाहीये, हाक मारली की डोळे उघडतात आणि पुन्हा मिटतात, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत म्हणून विचारलं. निशाने पर्समधून पट्ट्या काढून दिल्या. एक रक्तदाबाची, दोन मनाच्या डॉक्टरांनी दिलेल्या. त्यांनी पट्ट्यांवरची रिकामी घरं तपासली. एकही गोळी जास्त गेलेली नव्हती.

"याखेरीज काही? चूर्ण, काढा, झाडपाला? गावाकडून कुणी आणलेलं? मी रागावणार नाही. मला फक्त नाव हवंय."

"न्हाय, मॅडम," निशा म्हणाली.

सरुबाईने पदर कपाळापर्यंत ओढला. पृथ्वीराज खिडकीतून खाली लावलेल्या गाडीकडे बघत राहिला. आणि साक्षी, जिचा साखरपुडा अर्धा झाला होता आणि अर्धा राहिला होता, ती नव्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून आईकडे बघत होती. आईने उत्तर जरा लवकरच दिलं, असं तिला वाटून गेलं.

हे सगळं एका ताटापासून सुरू झालेलं. दिवाळीनंतर साक्षीला पहिलं स्थळ आलं. प्रसेनजीत म्हणजे हायस्कुलात वीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. पण गेल्या जूनपासून त्याची झोप उडाली होती. बोलायला लागला की थांबायचा नाही, थांबवलं की अंगावर यायचा. पाहुण्यांना त्याने दोन तास बसवून शिक्षण खात्यावर व्याख्यान दिलं, आणि मुलाच्या मामाने जांभई दिली म्हणून पोह्यांचं ताट भिंतीवर मारलं. स्थळ गेलं. वर साऱ्या भावकीत झालं की मास्तराचं डोकं फिरलंय. मग निशाने कुणाचं न ऐकता त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांना वेळ लागेल, घाई करू नका, असं ते म्हणाले होते. आणि खरंच, पौषाअखेर तो रात्रीचे चार-पाच तास झोपायला लागला होता. पण तेवढ्यात कागलचं स्थळ आलं. मुलगा चांगला, सासरा आकाराम सज्जन, आणि साक्षीच्याही मनात भरलेलं. चांगल्या स्थळाला कोण थांबा म्हणणार? घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की एवढा रविवार निभावून जाऊ दे.

आणि निभावलाही होता. सकाळी अकराला बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि प्रसेनजीत भिंतीशी खुर्चीत असा शांत बसला होता की आलेल्या नातेवाइकांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. कोण म्हणतंय मास्तर बिघडलाय? व्याहीभेटीला उठला, आकारामने हार घातला, मिठी मारली. त्या मिठीतच त्याचे गुडघे गेले, आणि पुन्हा खुर्चीवर टेकवला तोवर त्याची मान पडली होती.

सरुबाई बाकाच्या टोकाला बसली होती. मनात बोटं मोजत होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आणि आज सकाळचं. चार वेळा, दुधातून. दर वेळी चिमूटभर.

मुळी तिच्या सासूची, विठाबाईची. राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून त्यांची वाडी. कुणाचं पोर झोपेत दचकतंय, कुणाची बाळंतीण हसता हसता रडतेय, कुणाचा म्हातारा कुऱ्हाड घेऊन धावतोय, की विठाबाईला बोलावणं यायचं. मागच्या दारी. त्यांच्या हातचं पाणी न पिणारी घरं त्यांच्या हातचं औषध मात्र वरून वाटीत टाकून घ्यायची. विठाबाई आदल्या संध्याकाळी झाडाला तांदूळ वाहून आवतण द्यायची, "उद्या न्यायला येतो, रागावू नगंस." कावळा ओरडायच्या आत, मुक्याने जायचं, लोखंड न लावता लाकडी खुंटीने खणायचं. वाटेत कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. एक तुकडा लाल दोऱ्यात ओवून दारावर, म्हणजे साप आणि बाधा दोन्ही उंबऱ्याबाहेर. उरलेली मुळी वाळवून, कुटून डब्यात.

छप्पन साली सासऱ्याने, गणपतीने, धम्म घेतला. घरातले देव भोगावतीत सोडले. तांदूळ गेले, आवतण गेलं, मंत्र गेला. मुळी राहिली, कारण मुळीने माणूस शांत होतो हे गणपतीने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि गप्प राहायचा नेम राहिला. झाडाचं नाव सांगायचं नाही. औषध दिलं हेही सांगायचं नाही, ज्याला दिलं त्यालासुद्धा नाही. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये. बोललं की गुण जातो.

मरताना विठाबाईने सुनेच्या कानात झाडाचं नाव सांगितलं आणि नेमाचं खरं कारणही सांगितलं. "नाव फुटलं तर पाटील गड्याला धाडून खणून आणील. मग मागल्या दारीबी कोण बोलवायचं न्हाय तुला."

म्हणजे गुण जातो हे लोकांना सांगायला होतं, खरा प्रश्न भाकरीचा होता. हे सरुबाईला चांगलं ठाऊक होतं. पण एखादी गोष्ट पन्नास वर्षं पाळली की ती हाडात मुरते, मग खरं कारण कितीही ठाऊक असो. आता तिला वाटत होतं की पोटातली मुळीच लेकराला धरून आहे. आपण नाव काढलं, की गुण निघून जाईल आणि मागे नुसतं विष उरेल. म्हणून ती दात घट्ट मिटून बसली होती. तिला वाटत होतं की ती त्याला वाचवतेय.

नाव पुढे द्यायचं कुणाला हेही तिने ठरवून ठेवलं होतं. साक्षीला. लग्न होऊन सासरी जायच्या आदल्या दिवशी.

एक वाजता पृथ्वीराजने आईला दंडाला धरून जिन्यापाशी नेलं. तो कबनूरला लूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा, होता. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्याला हळू बोलायची सवयच नव्हती, पण आज आवाज आपोआप खाली आला.

"आये, मुळी दिलीस काय दादाला?"

"कसली मुळी."

"माझ्यापशी नगं. सकाळी त्याचं नाक चोंदलंतं, पापण्या वर हुईनात. मी ल्हानपणापसनं बघितलंय असलं त्वांड."

"गप बस, पृथ्वी."

"गपच बसलोय की सकाळपसनं."

आणि हे खरं होतं. सकाळी भावाचं ते जड तोंड बघितल्याबरोबर त्याने ओळखलं होतं, आणि त्याला बरं वाटलं होतं. आईने काम केलं, आता दादा बोलायचा नाही, चारचौघांत मान खाली घालायला लागायची नाही. कारखान्यात पोरं त्याला विचारायची, मास्तर काय म्हणतोय रं, आणि हसायची. त्या हसण्याचा राग त्याने पोरांवर काढला नव्हता, भावावर काढला होता. आता ते आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली. आणि माणसाला स्वतःची शिसारी आली की तो पहिल्यांदा दुसऱ्या कुणावर तरी धावतो. तो निशावर धावला.

खरंतर या घरात पृथ्वीराज नेहमी वहिनीच्या बाजूने असायचा. वाडी सोडून पाचगावला यायचं ठरलं तेव्हा आई रुसून बसली होती. तिची समजूत त्यानेच काढली होती. पण आज तो येऊन सगळ्यांदेखत म्हणाला की हे सारं त्या गोळ्यांमुळे झालं, वहिनींनीच दादाला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं, धडधाकट माणसाला पेशंट करून ठेवलं. सरुबाईने मान हलवली. मायलेक एका बाजूला झाले. निशा त्यांच्यापुढे एकटी राहिली, पदराखाली हार धरून.

निशा गप्प राहिली असती तर तिचं काही बिघडलं नसतं. गोळ्यांवर ढकलून सगळे मोकळे झाले असते. ती अंगणवाडीत काम करायची. पोराला ताप आला की अंगारा नको, आधी दवाखाना, असं चोवीस वर्षं बायांना बजावत आलेली बाई. तिला तिचेच शब्द ऐकू यायला लागले.

"भावजी," ती म्हणाली, "सकाळच्या चहात मी दिलतं."

"काय दिलतंसा?"

"दिवाळीत आत्तींनी मला पुडी दिलती. तुला झोप येईना न्हवं, रातच्याला दुधातनं घे, कुणाला बोलू नगंस म्हणाल्या. मी घेतलीच न्हाय. सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलती. आज सगळी घातली. साखर जास्त टाकून."

पृथ्वीराज जिन्याच्या पायरीवर खाली बसला. "आये गुरुवारपसनं देतीया," एवढंच तो म्हणाला.

निशाने सासूकडे बघितलं. सरुबाईने नाही म्हटलं नाही. दोघी एकाच स्वयंपाकघरात, एकाच चुलीपुढे, एकाच माणसासाठी, एकमेकींकडे पाठ करून तेच काम करत होत्या. गेल्या चार दिवसांत दोघींपैकी एकीने जरी तोंड उघडलं असतं, तर दुसरीने हात आवरला असता. पण तोंड उघडायचं नाही हाच तर त्या औषधाचा पहिला नियम होता, आणि सुनेला तो सासूनेच शिकवला होता.

निशा धावत आत गेली, डॉक्टरांना सांगून आली. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, कसली मुळी? काळीज मंद करणाऱ्या मुळ्या काही एक-दोन नसतात. वेगळ्या मुळीला वेगळा इलाज, आणि चुकीचं इंजेक्शन दिलं तर उलटं पडेल. पृथ्वीराज गाडी काढून घरी गेला, म्हातारीच्या ट्रंकेतला डबा घेऊन आला. डब्यात तपकिरी भुकटी होती. ती तपासायला पाठवली तर उत्तर उद्या येणार होतं. जाण्यायेण्यात वर तासभर गेला.

निशाने भर कॉरिडॉरमध्ये सासूचे पाय धरले.

"आत्ती, नाव सांगा. माझ्या कुंकवासाठी नगं, तुमच्या लेकासाठी सांगा."

"नाव काढलं की गुण जातो," सरुबाई म्हणाली. "मग नुसतं ईख ऱ्हातंय पोटात. माझ्या हातनं मारू नगंसा त्याला."

पृथ्वीराज ओरडला, आईच्या अंगावर गेला, मग भिंतीला डोकं लावून रडायला लागला. पण नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. मुलगा असून ठाऊक नव्हतं, कारण ते सुनेला किंवा नातीला द्यायचं होतं.

आई आजीचे पाय धरत होती तेव्हा साक्षी तिथे नव्हती. तिला नर्सने आत बोलावलं होतं. कागदावर सही करा, पेशंटचे कपडे घेऊन जा.

कपडे प्लास्टिकच्या पिशवीत होते. नवा सदरा, पँट, पट्टा, घड्याळ. सदरा एका बाजूने कापलेला, कारण तो काढायला वेळ नव्हता. सकाळी तिनेच इस्त्री करून दिलेला. तिने तो नीट घडी करायला घेतला आणि खिशात काहीतरी टोचलं. रुमालात गुंडाळलेला मुळीचा तुकडा, करंगळीएवढा, लाल दोऱ्यासकट. दोन्ही टोकांना दातांच्या खुणा. चावा अगदी ताजा होता.

ती तिथेच औषधांच्या ट्रॉलीला टेकून उभी राहिली.

सकाळी साडेनऊला पप्पा बूट पुसत होते. ती साडी नेसून त्यांच्यापुढे गेली होती. कशी दिसते हे विचारायला गेली होती आणि बोलली भलतंच. "पप्पा, आज फक्त दोन तास. गप्प बसा, एवढंच." त्यांनी ब्रश खाली ठेवला होता. हसले होते. "दोनच तास? बसतो की." थोड्या वेळाने तिने त्यांना दारात खुर्चीवर चढलेलं बघितलं. झेंडूचं तोरण एका बाजूला उतरलं होतं, ते सरळ करताहेत असं तिला वाटलं. बापाला अजून किती कळतं या विचाराने तिला भरूनसुद्धा आलं होतं.

तोरणाच्या मागे मुळी होती. ती दारावर कायमच असायची, काळवंडलेली, धुरकटलेली. साक्षीने जन्मात कधी तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. आता चावलेल्या टोकाला आतून फिकट पिवळा गर दिसत होता. साल उभी भेगाळलेली. वास काही नाही. तिने टोक जिभेला लावलं. कडू जहर.

तिला ते ओळखायला वेळ लागला नाही. बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत पहिल्याच कपाटात ही मुळी बरणीत ठेवलेली होती. तिने तिची चित्रं काढली होती, तुकडे पातळ कापून काचेखाली बघितले होते. रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, मन सुन्न होतं, इतर गोळ्यांबरोबर देऊ नये. हे सगळं तिने स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलेलं होतं.

पण डब्यातली भुकटीही याच मुळीची का, हे फक्त आजीच सांगू शकणार होती. साक्षी बाहेर आली तेव्हा पावणेतीन झाले होते. आई आजीच्या पायाशी बसली होती, काका भिंतीकडे तोंड करून. साक्षी आजीपुढे गुडघ्यांवर बसली.

"आजी, पानं तीन-तीनच्या घेऱ्यात येत्यात. फूल पांढरं, देठ लाल. फळ पिकलं की काळं हुतंय. व्हय?"

सरुबाईने नातीकडे बघितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. "तुला कुणी सांगितलं?"

"कॉलेजात बरणीत हाय ती. बरणीवर नाव लिवलंय. पन्नास पोरं रोज बघत्यात."

म्हातारीला ते समजायला थोडा वेळ लागला. पन्नास पोरं. रोज.

"आणि ही बघ," साक्षी म्हणाली, आणि रुमाल उघडला. "पप्पांच्या खिशातली. दारावरची. त्यांनी चावून खाल्लीया, आजी. मी गप बसा म्हटलं म्हणून."

सरुबाईने तो दोरा ओळखला. तिनेच वळला होता. तिने तुकडा हातात घेतला, दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग ती उठली. गुडघ्यांना हात न लावता, कुणाचा आधार न घेता उठली आणि आत जायचं दार ढकलून डॉक्टरांपुढे उभी राहिली.

"हरकी," ती मोठ्याने म्हणाली. "हरकी म्हणतो आमी तिला. गुरुवारपसनं चार बारी मी दिली. आज सुनंनं दिली. आणि त्यानं हितनं, आणि हितनं, अशी खाल्ली."

"सर्पगंधा, मॅडम," मागून साक्षी म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटून उघडले. बोलायला त्या कठोर नव्हत्या. आल्या आल्या कळलं असतं तर पोट धुऊन घेतलं असतं, त्या म्हणाल्या, आता तीन तास झालेत, अंगात भिनलंय. त्यात आधीच्या गोळ्या. आता जे करता येईल ते करते. आणि त्यांनी खरंच केलं. दुसरे मोठे डॉक्टर आले, यंत्र आलं, छातीवर तारा लागल्या. चारच्या सुमाराला नाडी पन्नासवर गेली तेव्हा पृथ्वीराजने खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा आणला. चहा सगळ्यांनी घेतला, निशाने सोडून.

कागलचे आकारामही आले. बायकोला घेऊन, साखरपुड्याच्याच कपड्यांत. ते काही विचारत नव्हते. पृथ्वीराजने त्यांना सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "पावणं, ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "आमी हितं बसतो." आणि बसले. एक रविवार निभावून जावा म्हणून घरातल्या चार माणसांनी एका माणसाला सुन्न केलं होतं. ज्यांना दिसू नये म्हणून केलं, ते तर आता उठून जायलाही तयार नव्हते.

साडेचारला डॉक्टरांनी एकेकाला आत सोडलं. निशा गेली, नुसती हात धरून परत आली. मग साक्षी गेली.

प्रसेनजीतचे डोळे अर्धे उघडे होते. नाकात नळी. तिने हाक मारली तेव्हा बुबुळं तिच्याकडे वळली.

"पावणं गेलं?" त्याने विचारलं. जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"न्हाय, पप्पा. बाहेर बसल्यात."

त्याने जिभेने ओठ ओले केले.

"मी गप बसलो की न्हाय?"

"बसला की, पप्पा," साक्षी म्हणाली. "एकदम गप बसला."

त्याला समाधान वाटलं असावं. त्याने डोळे मिटले. पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्याचं काळीज थांबलं आणि तासभर खटपट करूनही पुन्हा चालू झालं नाही.

निशा रडली नाही. तिने पदराखालचा हार काढून बाकावर ठेवला. त्याची पाकळी न पाकळी चुरगळून गेली होती. पृथ्वीराज कागदपत्रांसाठी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात राहिला. पोलिसांना कळवावं लागेल असं त्याला सांगण्यात आलं, आणि सगळ्यांचे जबाब होतील. काय दिलं, कुणी दिलं, किती दिलं. साक्षी हे ऐकत होती. आजीचं लिहितील, आईचं लिहितील, पप्पांनी स्वतः खाल्लं ते लिहितील. आपण जे दिलं ते आपण सांगितल्याशिवाय कुणी लिहिणार नाही, हे तिला कळलं. ते सांगायचं तिने ठरवलं.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आजी बाकावर नाही.

सरुबाई कॉरिडॉरच्या त्या टोकाला होती. मुळीचा तुकडा मुठीत धरून ती एकेका माणसापुढे थांबत होती. लिफ्टजवळच्या रखवालदारापुढे थांबली. सलाईनची बाटली धरून बसलेल्या एका म्हाताऱ्यापुढे थांबली. नातीने धावत जाऊन तिचा हात धरला, पण ओढला नाही.

कोपऱ्यात जेवणाचा डबा मांडीवर घेऊन शाहूवाडीकडची एक बाई बसली होती. सरुबाई तिच्यापुढे वाकली.

"बाई, हरकी म्हणत्यात हिला," ती म्हणाली. "जंगलात असतीया. पानं तीन-तीन. फूल पांढरं, देठ लाल. नाव ध्यानात ठेव. हरकी."

त्या बाईला वाटलं, जाणती म्हातारी दिसते, काहीतरी गुणाचं औषध सांगतेय. तिने डबा बाजूला ठेवला, तुकडा निरखून बघितला आणि आदराने विचारलं, "कशाला चालतीया ही, मावशी?"

सरुबाईने तिच्याकडे बघितलं. मग बंद दाराकडे बघितलं.

"माणूस गप बसतंय," ती म्हणाली.